छोटा लॅपटॉप, जुनी खिडकी

बालमित्रांनो, या आठवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आज सगळ्यांसमोर ठेवते. पत्र सातवीतल्या एका मुलीचं आहे. ती लिहिते :

"बाई, मामाने मला त्याचा जुना लॅपटॉप दिला आहे. दप्तरात मावतो एवढा छोटा. त्यात विंडोज ७ आहे. मी त्यावर मराठी टायपिंग शिकते. बाबा त्यावरूनच वीजबिल भरतात आणि बँकेचं खातं बघतात. पण दुकानातले काका म्हणाले, हा आता बाद झाला, नवा घ्या. आई म्हणते, चालतोय ना, मग बाद कसा? नवा घ्यायला आत्ता पैसे नाहीत. बाई, खरं कोणाचं?"

आहे की नाही अवघड प्रश्न? मला तर वाटतं, हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटात असा एखादा छोटा लॅपटॉप असतोच. चालू केला तर चालतो. फेकवत नाही. आणि वापरावा तर कुणीतरी भीती घालतं. मग चला, आज त्याचा नीट छडा लावू.

शिपाईमामा आणि किल्ल्या

आधी मला सांगा, विंडोज म्हणजे काय? संगणकातला खेळ? नाही. चित्र? तेही नाही. विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते आपल्या शाळेतच पाहू.

शाळेत सगळ्यात आधी कोण येतं? शिपाईमामा! ते फाटक उघडतात, वर्गखोल्यांची कुलपं काढतात, घंटा देतात. कोणता वर्ग कुठे बसणार, प्रयोगशाळेची किल्ली कुणाला द्यायची, अनोळखी माणूस आला तर त्याला कुठे थांबवायचं, हे सगळं तेच बघतात. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. तुम्ही चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडलात, की त्याला मेमरीत जागा कोण देतं? ऑपरेटिंग सिस्टीम. तुमची फाईल कपाटात नीट कोण ठेवतं? तीच. इंटरनेटवरून कुणी दार ठोठावलं, तर आत घ्यायचं की नाही हे बघणारीही तीच.

आता समजा, एका बदमाशाला कळलं की या शिपाईमामांच्या हातातलं पाचव्या क्रमांकाचं कुलूप साध्या आकड्यानेही उघडतं. आणि गंमत पाहा, जगातल्या लाखो शाळांत हुबेहूब तेच कुलूप बसवलेलं आहे! मग काय करायचं? कुलूप बनवणारी कंपनी घाईघाईने नवं कुलूप तयार करते आणि सगळ्या शाळांना फुकट पाठवते. संगणकाच्या भाषेत यालाच 'अपडेट' म्हणतात. लॅपटॉप बंद करताना "अपडेट चालू आहे, थांबा" असं दिसतं ना, तेव्हा पुष्कळदा आत ही कुलपं बदलली जात असतात. म्हणून कंटाळून बटण दाबून बंद करायचं नाही, बरं का!

पण कंपनी एकाच प्रकारची कुलपं जन्मभर दुरुस्त करत बसत नाही. ती एक तारीख जाहीर करते. त्या तारखेनंतर नवं कुलूप मिळणार नाही. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली आणि तिचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज ७ आली २२ ऑक्टोबर २००९ ला, तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला, तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असं कंपनीने जाहीर केलं.

म्हणजे आईचं म्हणणं खरं : लॅपटॉप चालतोय. तारीख उलटली म्हणून तो त्या रात्री बंद पडत नाही. आणि दुकानातल्या काकांचंही थोडं खरं : त्याची कुलपं आता कुणी दुरुस्त करत नाही. शाळा उभी आहे, भिंती धड आहेत, फक्त कुलूपवाला यायचा बंद झाला आहे.

यात आणखी एक खोच आहे. नव्या विंडोजमध्ये बराचसा भाग जुन्या विंडोजमधूनच आलेला असतो. कंपनी नव्या विंडोजचं एखादं कुलूप बदलते, तेव्हा बदमाश लोक बारकाईने पाहतात की नेमकं काय बदललं. मग ते जुन्या विंडोजकडे वळतात. तिथे तेच जुनं कुलूप अजून लटकत असण्याची शक्यता असते ना! म्हणून तारीख उलटलेली ऑपरेटिंग सिस्टीम दर महिन्याला थोडी थोडी जास्त धोक्याची होत जाते.

ही एवढीशी यंत्रं आली कुठून?

पत्रात म्हटलंय, दप्तरात मावणारा लॅपटॉप. या छोट्या लॅपटॉपांची गोष्टही मोठी मजेची आहे. २००७ साली तैवानच्या आसुस या कंपनीने 'ईईई पीसी ७०१' नावाचा लॅपटॉप काढला. पडदा केवढा? फक्त ७ इंच! वजन एक किलोपेक्षाही कमी. रॅम ५१२ एमबी आणि सामान ठेवायला ४ जीबी जागा. आजच्या साध्या फोनमध्येही याच्या कितीतरी पट जागा असते. पण किंमत कमी होती, त्यामुळे लोकांच्या उड्या पडल्या. मग इतर कंपन्यांनीही असेच लॅपटॉप काढले. त्यांना 'नेटबुक' म्हणू लागले. २००८ मध्ये इंटेल कंपनीने अशा यंत्रांसाठी 'ॲटम' नावाचा कमी वीज खाणारा प्रोसेसर आणला.

त्या वेळी विंडोजची नवी आवृत्ती होती व्हिस्टा. ती या चिमुकल्या यंत्रांना झेपेना. पाच वर्षांच्या पोराच्या पाठीवर दहावीचं दप्तर दिलं तर काय होईल? तसंच! म्हणून या छोट्या लॅपटॉपांसाठी मायक्रोसॉफ्टने २००१ सालची एक्सपीच पुढेही चालू ठेवली. २००९ मध्ये विंडोज ७ आली, तेव्हा 'स्टार्टर' नावाची तिची एक साधी आवृत्ती खास अशा यंत्रांसाठी काढली. ती इतकी साधी होती, की पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे.

काही हौशी लोकांनी तर वेगळाच उद्योग केला. डेल कंपनीचा 'मिनी ९' हा छोटा लॅपटॉप २००८ मध्ये आला होता. त्यात त्यांनी ॲपल कंपनीची मॅक ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवली! ॲपलची अट अशी, की आमची सिस्टीम आमच्याच यंत्रावर चालवायची. पण लोकांनी खटपटी केल्या आणि ती चालली. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये ॲपलने १०.६.२ हे अपडेट दिलं आणि त्यात ॲटम प्रोसेसरचा आधारच काढून टाकला. ज्यांनी ते अपडेट घेतलं, त्यांचे छोटे लॅपटॉप सुरूच होईनात. पुन्हा नवी खटपट सुरू!

यातून काय समजलं? 'आधार नाही' याचे दोन अर्थ आहेत. एक, कंपनीने त्या सिस्टीमची दुरुस्ती थांबवली. दोन, तुमचं यंत्र त्या सिस्टीमच्या यादीतच नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ६४-बिट प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. एखादा हुशार दादा म्हणेल, "दे इकडे, मी जबरदस्तीने बसवून देतो." पण मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलं आहे, की यादीबाहेरच्या यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नाही. कुलूपवाला यावा म्हणून नवी सिस्टीम घालायची आणि तोच येईल की नाही याचा भरवसा नाही, मग काय उपयोग?

एका शुक्रवारची गोष्ट

तुम्ही म्हणाल, बाई उगाच घाबरवतात. तर ही खरी घडलेली गोष्ट ऐका. १२ मे २०१७, शुक्रवार. जगभरातल्या संगणकांवर अचानक एक लाल चौकट दिसू लागली. "तुमच्या फाईली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. ३०० डॉलर द्या, तरच उघडू." या कीडरूपी प्रोग्रॅमचं नाव होतं 'वॉनाक्राय'. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांना त्याची झळ बसली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विचार करा, कुणाचे तरी आजोबा ऑपरेशनसाठी उपाशीपोटी येऊन बसलेत आणि डॉक्टरांचा संगणकच उघडत नाही!

आता खरी मेख ऐका. या किड्याने जे कुलूप फोडलं, त्याच्यासाठी नवं कुलूप मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दोन महिने आधीच, १४ मार्च २०१७ ला दिलेलं होतं! ज्यांनी ते बसवलं, ते वाचले. बाधा झालेल्या संगणकांपैकी बहुतेकांत विंडोज ७ होती. त्या वेळी तिला आधार होता, कुलूप घरी आलेलं होतं, पण कुणी लावलंच नव्हतं. आणि एक्सपीवाल्यांना तर सर्वसाधारणपणे ते मिळालंच नव्हतं, कारण त्यांची तारीख २०१४ मध्येच उलटली होती. प्रकरण एवढं चिघळलं, की मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी अपवाद म्हणून एक्सपीलाही कुलूप दिलं. पण अपवादावर कुणी विसंबून राहतं का?

हा किडा थांबवला कुणी? मार्कस हचिन्स नावाच्या २२ वर्षांच्या इंग्रज तरुणाने. तो प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या एका विचित्र पत्त्याला हाक मारत होता आणि तो पत्ता कुणाच्याच नावावर नव्हता. हचिन्सने दहा-अकरा डॉलर भरून तो आपल्या नावावर घेतला. हाकेला 'ओ' मिळाली आणि त्या किड्याचं पसरणं थांबलं! बारीक नजर कशी उपयोगी पडते पाहा.

मग या लॅपटॉपचं करायचं काय?

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट : विंडोज ७ तशीच ठेवायची, पण इंटरनेट तोडायचं. वायफाय बंद, केबल काढलेली. मग हा लॅपटॉप टाईपरायटर, चित्रकलेची वही आणि गणकयंत्र म्हणून मजेत वापरता येतो. टायपिंगचा सराव करायला इंटरनेट कशाला हवं? फक्त पेनड्राइव्ह जपून. सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह आणून लगेच खुपसायचा नाही. दारातून येऊ न शकणारा किडा पेनड्राइव्हच्या खिशातून येतो. आणि या वाटेने जायचं, तर त्यावर बँकेचं काम पूर्ण बंद. नाव, पासवर्ड, ओटीपी, काही म्हणजे काही टाकायचं नाही. नाहीतरी क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती, ती जानेवारी २०२३ मधली. म्हणजे शिपाईमामाही जुने आणि फाटकही जुनं.

दुसरी वाट : शिपाईमामाच बदलायचे! म्हणजे विंडोज काढून लिनक्स बसवायची. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. तेव्हा त्याचं वय होतं फक्त २१. लिनक्स कुणालाही फुकट घेता येते, पाहता येते, बदलता येते. म्हणून तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या : काही भारदस्त, काही हलक्याफुलक्या. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स काढली, ती भारतीय भाषांत वापरता यावी म्हणून. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं तर संगणक शिकतात ते लिनक्सवरच.

टायपिंगचं काय? काळजी नको. मराठीचा सरकारने ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आहे, तसाच लिनक्समध्येही आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. शिकलेलं वाया जात नाही. पत्र, निबंध लिहायला 'लिबरऑफिस' फुकट मिळतं.

पण थांबा, घाई नको. लिनक्सलाही यंत्र बघूनच निवडावं लागतं. जुन्या ॲटम प्रोसेसरपैकी काही ३२-बिटचे आहेत, काही ६४-बिटचे. विंडोज ७ स्टार्टर ही नेहमी ३२-बिटच असे, त्यामुळे आतला प्रोसेसर ६४-बिटचा असूनही पडद्यावर ३२-बिट लिहिलेलं दिसू शकतं. 'लिनक्स मिंट'ला ६४-बिट यंत्र आणि किमान २ जीबी रॅम लागते. १ जीबी रॅमच्या ३२-बिट लॅपटॉपसाठी 'अँटीएक्स'सारखी हलकी आवृत्ती बघावी. २०२३ मध्ये निघालेली अँटीएक्स २३ अशा यंत्रांसाठीही दिली गेली. आणि हेही लक्षात असू द्या, लिनक्सलाही तारखा असतात. 'डेबियन' ही नावाजलेली लिनक्स १९९३ पासून आहे. तिनेही ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लॅपटॉपवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. म्हणून जी निवडाल, तिला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हा पहिला प्रश्न विचारायचा.

सगळ्यात छान सोय म्हणजे, लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. लॅपटॉपमधलं काहीही न पुसता! वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी अक्षरं नीट दिसतात का, ते बघायचं. पटलं तरच बसवायचं. बसवण्याआधी मामाचे, आईबाबांचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यायची, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. आणि हे काम मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं, कळलं?

लिनक्स घातली म्हणजे म्हातारा लॅपटॉप तरुण होतो, असं मात्र नाही. १ जीबी रॅमवर व्हिडिओ अडखळणारच. एका वेळी दहा पानं उघडली तर तो हाशहुश करणारच. पण लिहिणं, वाचणं, प्रोग्रॅमिंगचे धडे गिरवणं, हे सगळं तो करील. आणि कुलूपवाला पुन्हा येऊ लागेल.

तिसरी वाट : लॅपटॉप खरोखरच थकला असेल, बॅटरी फुगली असेल, तर निरोप द्यायचा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. लगेच मोठ्यांना सांगायचं. असा लॅपटॉप कचराकुंडीत किंवा भंगाराच्या पोत्यात टाकू नये. त्यात शिसं आणि इतर विषारी पदार्थ असतात. जाळला तर ते हवेत आणि मातीत जातात. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडेच तो द्यावा, आणि देण्याआधी डिस्कवरची माहिती पुसून टाकावी.

माझं मत विचाराल, तर आपल्या मैत्रिणीने आजच्या आज पहिली वाट धरावी आणि सवडीने दुसरी. बाबांनी बँकेचं काम आजपासूनच तिथून हलवावं. नवा लॅपटॉप लगेच घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. टायपिंगसाठी हाच पुरे!

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, "आमच्या खात्यात आहेच किती, आमच्या मागे कोण लागणार?" असं आपण म्हणतो. पण असले प्रोग्रॅम माणूस बघून येत नाहीत, उघडं कुलूप बघून येतात. बँकेचं काम फोनवर करत असाल, तर फोनच्या सेटिंगमध्ये शेवटचं सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचं आहे तेही एकदा बघा. फोनलाही तारखा असतात. आणि मुलांचा छोटा लॅपटॉप "बाद" म्हणून हिणवू नका. ज्या यंत्रावर मूल पहिलं वाक्य टाईप करतं, ते त्याच्यासाठी नवंच असतं.

करून पाहा

घरातल्या, शेजारच्या किंवा शाळेतल्या एका संगणकाची पत्रिका मांडा. विंडोज असेल तर विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि 'आर' एकत्र दाबा, इंग्रजीत 'विनव्हर' (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) लिहा आणि एंटर करा. आवृत्तीचं नाव दिसेल. मग वहीत पाच गोष्टी लिहा : आवृत्ती, रॅम किती, ३२-बिट की ६४-बिट, डिस्कवर मोकळी जागा किती आणि आधार संपण्याची तारीख. ही पत्रिका घरच्यांना वाचून दाखवा.

आणि हे गणित : वर दिलेल्या तारखांवरून एक्सपी, विंडोज ७ आणि विंडोज १० यांना किती वर्षं, किती महिने आणि किती दिवस आधार मिळाला, ते काढा. सगळ्यात जास्त कोणाला? आणि विंडोज ७ व विंडोज १० यांच्यात फरक किती?

(उत्तर : एक्सपी १२ वर्षं ५ महिने १४ दिवस, म्हणजे सगळ्यात जास्त. विंडोज ७ ला १० वर्षं २ महिने २३ दिवस. विंडोज १० ला १० वर्षं २ महिने १५ दिवस. दोघींत फरक फक्त ८ दिवसांचा! आधी स्वतः सोडवलंत ना?)

तुमच्या बाई